पोलीस ठाण्यातल्या बेवारस सायकलींचा लिलाव : बोली लावायच्या आधी हे समजून घ्या



मागच्या महिन्यात तेरखेड्याहून एका तरुणाचा फोन आला. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दिवाळीच्या आधीचे काही महिने तो फटाक्याच्या कारखान्यात पॅकिंगला जातो, बाकी वर्षभर दुकानात वडिलांच्या हाताखाली. कामानिमित्त एका पोलीस ठाण्यात गेला होता, तिथे आवारात सायकलींचा ढीग दिसला. लवकरच लिलाव होणार आहे, असं कुणीतरी सांगितलं. "सर, ४० हजार साठवलेत. सगळ्याच्या सगळ्या उचलू का?"

मी म्हणालो, आधी मला सांग, त्यातल्या किती सायकली विकायला मोकळ्या आहेत? तो म्हणाला, "म्हणजे? तिथं पडल्यात त्या सगळ्याच की."

नाही मित्रांनो. इथेच बहुतेकांची गफलत होते. म्हणून हा विषय व्हिडिओत दहा मिनिटांत उरकला होता, तो इथे नीट लिहितोय.

ढीग एक दिसतो, पण माल तीन प्रकारचा असतो

पोलीस ठाण्यात आलेली प्रत्येक वस्तू मुद्देमाल रजिस्टरला चढते. तिला नंबर पडतो, पंचनामा होतो, चिठ्ठी लागते. हे काम बघणारा जो हवालदार असतो, त्याला मुद्देमाल कारकून म्हणतात. लिलावाच्या धंद्यात उतरायचं असेल तर ठाण्यात ओळख करून घ्यायची ती या माणसाची. साहेब बदलतात, रजिस्टर तिथेच राहतं.

आता त्या ढिगात काय काय असतं ते बघा. पहिला प्रकार म्हणजे खरोखर बेवारस. एसटी स्टँडवर, बाजारतळावर, हायवेच्या कडेला आठ-पंधरा दिवस पडून राहिलेली सायकल कुणीतरी कळवतं, पोलीस आणून ठेवतात. गुन्हा कुठलाच दाखल नसतो. याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ लागतो. त्यातलं कलम ८२ सांगतं की बेवारस मालाचा ताबा घेणं हे पोलिसांचं कर्तव्यच आहे. पुढच्या कलमांत उद्घोषणा काढायची, मालकाला पुढे यायला सहा महिने द्यायचे आणि कुणीच आलं नाही तर विकायचं, असा क्रम आहे.

दुसरा प्रकार, संशयावरून जप्त केलेला माल. रात्री गस्तीत एखादा माणूस दोन सायकली घेऊन चाललेला सापडतो, कुठून आणल्या ते सांगता येत नाही. पोलीस जप्त करतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४५७, ४५८ कलमांखाली चालायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिथे तीच कलमं ५०३ आणि ५०४ झाली. मालक माहीत असेल तर त्याला द्या, माहीत नसेल तर उद्घोषणा काढा, सहा महिने थांबा, मग माल शासनाच्या हाती आणि विक्री. त्याच्या पुढचं कलम ५०५ आपल्या कामाचं आहे. वस्तू नाशवंत असेल किंवा तिची किंमत १० हजारांच्या आत असेल, तर दंडाधिकारी सहा महिने न थांबताही विकायला सांगू शकतात. जुन्या कायद्यात ही मर्यादा ५०० रुपये होती. ५०० रुपयांत सायकल कुठली बसणार? आता जवळजवळ प्रत्येक साधी सायकल त्यात बसते.

तिसरा प्रकार म्हणजे चालू खटल्यातला मुद्देमाल. चोर सापडला, गुन्हा दाखल आहे, केस कोर्टात आहे. ही सायकल पुरावा आहे. कोर्टाचा हुकूम असल्याशिवाय ठाणेदाराला तिचा हँडलसुद्धा विकता येत नाही.

म्हणजे बाहेरून ४० सायकली दिसल्या, तरी विकायला मोकळ्या कदाचित १५च असतील. कोणत्या, ते यादीवर कळतं. ढिगाकडे बघून कळत नाही.

सायकलीच एवढ्या का उरतात?

मोटारसायकलला नंबर प्लेट असते. ती काढून टाकली तरी चेसिस नंबर, इंजिन नंबर असतो, त्यावरून आरटीओकडे मालकाचा पत्ता निघतो. आपल्याकडे मावळातल्या परंदवडीची गंगामाता वाहन शोध संस्था हेच काम करते. ठाण्याठाण्यात जाऊन धूळ खात पडलेल्या गाड्यांचे नंबर वाचायचे, मूळ मालक शोधायचे आणि पोलिसांना यादी करून द्यायची. कितीतरी लोकांना आपली गाडी अमुक ठाण्यात उभी आहे हे त्यामुळे कळलं.

सायकलला यातलं काहीच नाही. फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो, बहुतेक वेळा पायडलच्या बीबीखाली किंवा सीटच्या नळीवर. पण तो कुठल्याच सरकारी दप्तरात नसतो. पूर्वी नगरपालिका आणि काही ग्रामपंचायती सायकलवर कर घ्यायच्या आणि पत्र्याचा बिल्ला द्यायच्या. बिल्ला नसला की अडवायचे, माझ्या वडिलांना तो अनुभव होता. लोक त्या बिल्ल्याला वैतागायचे, पण त्यामुळे सायकल कुणाची हे कळायला एक धागा होता. तो कर गेला, धागाही गेला. जपानमध्ये १९९४ पासून प्रत्येक सायकलची नोंदणी सक्तीची आहे, फ्रेमवर स्टिकर असतो, सापडली की मालकाला कळवता येतं. आपल्याकडे मालकाजवळ सायकलचं बिलसुद्धा नसतं. तुमच्या घरातल्या सायकलचं बिल आहे का? शोधून बघा.

त्यात नवीन कायद्याने आणखी एक गोष्ट झाली. भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे. चोरीला गेलेल्या वस्तूची किंमत ५ हजारांच्या आत असेल तर तो गुन्हा आता अदखलपात्र आहे. म्हणजे पोलीस नोंद घेतात, पण दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या माणसाने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. आता सांगा, तीन हजारांची जुनी सायकल गेली म्हणून रोजंदारीवरचा माणूस दिवस मोडून ठाण्यात जाईल का? नाही जात. तक्रार नाही, त्यामुळे सायकल सापडली तरी ती कुणाची हे पोलिसांना कळत नाही. ती ढिगात जाते.

आणि ढिगात तिचं काय होतं? तेरखेडा फटाक्यांचं गाव. माल कुठे ठेवला, कसा ठेवला यावर सगळं असतं, हे तिथल्या पोरांना मी शिकवायला नको. पोलीस ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीत दागिने, रोकड, हत्यारं ठेवावी लागतात. सायकलींना छप्पर कुठून मिळणार? त्या भिंतीच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली, एकावर एक. मराठवाड्याचं ऊन दोन उन्हाळ्यांत टायरला भेगा पाडतं. एका पावसाळ्यात चेन धरते, दुसऱ्या पावसाळ्यात रिम फुलतात. शिवाय खालच्या सायकलींवर वरच्यांचं वजन, त्यामुळे चिमटे वाकतात. सहा महिन्यांत विकली असती तर चालवायला गेली असती, ती पाच वर्षांनी भंगारात जाते.

हे सुप्रीम कोर्टालाही दिसलेलं आहे. २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात कोर्टाने सांगितलं की जप्त वाहनं वर्षानुवर्षं ठाण्यात ठेवून काही उपयोग नाही. पंचनामा करा, फोटो काढा, हमी घेऊन मालकाला द्या, कुणीच नेत नसेल तर लिलाव करा. नव्या संहितेच्या कलम ४९७ मध्ये तर मुदतीही घातल्यात. माल कोर्टापुढे आल्यापासून १४ दिवसांत त्याचं वर्णन, फोटो किंवा व्हिडिओ, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा हुकूम. कागदावर चांगलं आहे. जुने ढीग मात्र एका दिवसात हलणारे नाहीत, त्यामुळे पुढची काही वर्षं लिलाव होत राहतील असा माझा अंदाज आहे.

लिलाव होतो कसा

याद्या तयार होतात. मोटार वाहनांची किंमत मोटार वाहन निरीक्षक ठरवून देतात, सायकलींची पंचांसमोर ठरते. ही हातची किंमत. दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मग जाहीर प्रगटन, बहुतेक स्थानिक पेपरात आणि ठाण्याच्या नोटीस बोर्डावर. त्यात आदेशाचा क्रमांक, तारीख, माल बघायचे दिवस, अनामत रक्कम आणि अटी असतात. पेपरातली ही बारीक अक्षरातली जाहिरात वाचायची सवय लावा. वाशी, येरमाळा, कळंब, भूम अशा आसपासच्या ठाण्यांच्या बोर्डावर महिन्यातून एकदा नजर टाकली तरी तुम्ही बाकीच्यांच्या पुढे असाल. मोठे लिलाव आता एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन व्यासपीठावरही होतात, पण सायकलींचे छोटे ढीग अजून तोंडी बोलीनेच जातात.

लिलावाच्या दिवशी अनामत भरायची, नाव नोंदवायचं, बोली. सगळा माल "आहे त्या जागी, आहे त्या स्थितीत". घरी नेल्यावर फ्रेम तुटकी निघाली तर तक्रार चालत नाही. बोली मिळाली की पैसे ठरलेल्या मुदतीत भरायचे आणि माल ठरलेल्या दिवसांत उचलायचा, नाहीतर अनामत जप्त. बोली हातच्या किमतीपर्यंत गेलीच नाही तर लिलाव रद्द आणि फेरलिलाव.

एक अडचण आधीच सांगतो. बऱ्याचदा सायकली सुट्या विकत नाहीत, सगळा लॉट एकदम जातो. आणि काही जाहिरातींत बोली लावणारा जीएसटी नोंदणी असलेला भंगार व्यावसायिकच हवा अशी अट असते. ती असेल तर तुम्हाला थेट बसता येत नाही. मग नोंदणी असलेल्या माणसाबरोबर आधीच लेखी ठरवून चांगल्या सायकली त्याच्याकडून घ्यायच्या. यात लाज नाही, तोही एक सौदाच आहे. पण लिलावाच्या आवारात "तू थांब, मी घेतो, नंतर वाटून घेऊ" असं सांगणारे भेटतील. त्या वाटेला जाऊ नका. बोली पाडण्यासाठी संगनमत केलं असं दिसलं तर तुमचं नाव कायमचं खराब होतं, आणि छोट्या गावात नाव हेच भांडवल.

मोटारसायकलींचा विषय थोडक्यात. नवशिक्याने तिथे हात घालू नये. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी जप्त, बेवारस आणि लिलावातल्या गाड्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राकडे नेण्याची वाट घातली आहे. त्यावर फायनान्सचा बोजा असतो, विमा कंपनीचा हक्क असतो, आरसी रद्द करायची असते. सायकल मोटार वाहनच नाही, त्यामुळे ती या सगळ्या भानगडीतून सुटते. ४० हजार भांडवल असलेल्या माणसाला सायकलच परवडते.

उलटा हिशोब

आता त्या तरुणाने मला फोनवर सांगितलेला लॉट धरू. २० सायकली. मी त्याला म्हणालो, किती बोलायचं ते शेवटी ठरव, आधी शेवटाकडून सुरू कर. आकडे हिशोब समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला.

त्याने ढीग पाहिला होता. त्याच्या मते ८ सायकली दुरुस्त होऊन चालतील. ५ सायकलींचे सुटे भाग निघतील. ७ निव्वळ भंगार. चालणाऱ्या प्रत्येकी २,८०० ला गेल्या तर २२,४००. सुटे भाग प्रत्येकी ५०० धरून २,५००. भंगाराच्या ७ सायकली, प्रत्येकी साधारण १४ किलो, म्हणजे ९८ किलो, २८ रुपयांनी २,७४४. एकूण हाती येणार २७,६४४ रुपये.

आता खर्च. टायर, ट्यूब, चेन, बेअरिंग, रंग मिळून प्रत्येक सायकलला १,१००, आठांचे ८,८००. टेम्पो २,०००. त्याला स्वतःच्या मेहनतीचे, महिनाभराच्या संध्याकाळचे, किमान ६,००० हवेत. २७,६४४ मधून हे सगळं वजा केलं की उरतात १०,८४४. जाहिरातीत बोलीवर कर वेगळा लिहिला असेल तर तो याच्यातच बसायला हवा. १८ टक्के धरला तर बोली जास्तीत जास्त ९,१९० रुपये.

तो म्हणाला, "सर, मी तर १४ हजारापर्यंत जाणार होतो. ७०० ला सायकल म्हणजे फुकटच वाटत होती."

१४ हजारांचं काय झालं असतं? कर धरून १६,५२०, टेम्पो आणि दुरुस्ती धरून २७,३२०. हाती येणार २७,६४४. महिनाभर राबून ३२४ रुपये. ४० हजारांतले २७ हजार अडकले ते वेगळेच, आणि ८ पैकी २ सायकली विकल्या गेल्या नाहीत तर सरळ तोटा.

म्हणून मर्यादा वहीत लिहून न्या. लिलावात बाजूचा माणूस शंभराने चढतो, आपण शंभराने चढतो, आणि अंगात काहीतरी शिरतं. भंगारवाले अनुभवी असतात. त्यांना किलोचा भाव पाठ असतो, ते थांबायच्या ठिकाणी थांबतात. नवीन पोरगं थांबत नाही.

पावतीवर नंबर लिहून घ्या

हे मी स्वतः ठेच लागून शिकलो. प्रशिक्षणाच्या धंद्यात यायच्या आधी मी एका लिलावात ११ सायकली घेतल्या होत्या. पावती मिळाली, त्यावर लिहिलं होतं "जुन्या सायकली, नग ११". बास. मी खूश. दुरुस्त करून विकल्या. चार महिन्यांनी एक गृहस्थ माझ्या गिऱ्हाइकाला भर बाजारात धरून बसले, ही सायकल माझ्या मुलाची आहे, चोरीला गेलेली. गिऱ्हाईक माझ्याकडे आलं. मी पावती घेऊन ठाण्यात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, या ११ मध्ये हीच सायकल होती हे कशावरून? उत्तर नव्हतं. जुनं रजिस्टर निघेपर्यंत तीन दिवस गेले. रजिस्टरात सुदैवाने फ्रेम नंबर होता, म्हणून सुटलो. सायकलचे पैसे मात्र मी गिऱ्हाइकाला परत दिले आणि सायकल त्या गृहस्थांच्या मुलाला देऊन टाकली. चूक माझी होती, मी विचारलंच नव्हतं.

चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून घेणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. लिलावातला माल रीतसर असतो, पण तो रीतसर आहे हे दाखवायचं काम तुमचं. म्हणून पावतीला यादी जोडून घ्या, यादीत प्रत्येक सायकलची कंपनी, रंग आणि फ्रेम नंबर. लिलावाच्या आदेशाची प्रत मागा. माल उचलायच्या आधी प्रत्येक नंबरचा मोबाईलवर फोटो काढा. गंजलेला असेल तर वायर ब्रश आणि थोडं रॉकेल, नंबर वर येतो. पुढे विकताना तुम्हीही बिलावर तोच नंबर लिहा. जुनी सायकल बिलासकट विकणारा दुकानदार तालुक्यात दुसरा नसेल, हे लक्षात घ्या. लोक त्याचे शंभर-दोनशे जास्त देतात.

परदेशातही हा धंदा लहान माणसांनीच उचललाय. ॲमस्टरडॅममध्ये पालिकेचा सायकलींचा मोठा डेपो आहे. रस्त्यावरून उचललेल्या सायकली तिथे ठेवतात, मालक आला तर दंड भरून नेतो, नाही आला तर त्या दुरुस्ती करून विकणाऱ्यांकडे जातात. प्रत्येकीला नोंद. आपल्याकडे तेवढं होईल तेव्हा होईल.

तेरखेड्याच्या त्या तरुणाकडे परत येतो. माल बघायच्या दिवशी तो वडिलांना घेऊन गेला. हे मीच सांगितलं होतं, कारण फ्रेमला चीर आहे की नुसता गंज, हे ४० वर्षं सायकली उघडणाऱ्या माणसाला बोट फिरवून कळतं. वडिलांनी आठातल्या दोन बाद केल्या. मग एका हिरव्या सायकलपाशी थांबले. कॅरिअरच्या खाली वेल्डिंगचा टाका होता, तो त्यांनीच मारलेला. सायकल कुणाची तेही आठवलं, कारखान्यात कामाला जाणाऱ्या एका बाईंची. दुकानाच्या उधारीच्या वहीत दोन वर्षांपूर्वीची नोंदही सापडली.

पोराला क्षणभर वाटलं होतं की गप्प बसावं. चालणाऱ्या सहातली एक कमी झाली तर हिशोब आणखी आवळतो. हे त्याने मला स्वतःहून सांगितलं, म्हणून लिहितोय. वडिलांनी त्याच दिवशी मुद्देमाल कारकुनाला सांगितलं. त्या बाईंनी अर्ज दिलाय, सोबत वहीच्या पानाची प्रत लावलीय. हक्क मान्य करायचा की नाही ते दंडाधिकारी ठरवतील. तोवर ती सायकल लिलावाच्या यादीतून बाजूला ठेवली आहे.

आता १९ सायकली, त्यातल्या ५ चालणाऱ्या, बाद झालेल्या दोन सुट्या भागांत. नवा हिशोब काल रात्री आम्ही फोनवर केला. ५ चे १४,०००, सुटे भाग ७ सायकलींचे ३,५००, भंगार तेवढंच २,७४४. एकूण २०,२४४. दुरुस्ती ५,५००, टेम्पो २,०००, आणि काम कमी झालं म्हणून मेहनत ४,५०० धरली. उरतात ८,२४४, कर काढून बोली ६,९८० पर्यंत. हातची किंमत त्याच्या वर असेल तर तो बोलीला उभाच राहणार नाही, फेरलिलावाची वाट बघेल. ४० हजारांतले १२ हजार त्याने नव्या टायर-ट्यूबसाठी बाजूला काढलेत. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत ते लिलाव मिळो न मिळो, खपतातच.